खंडेनवमीपर्यंतचं पाणी

न्हाई मावशी, ड्रायव्हर खोटं बोलून न्हाई राहिला — सकाळी त्याला खेपांचा कागद मीच काढून देतो, अन् त्याच्यात तुमचं भीमनगर न्हाईच. टँकर गावच्या चौकापर्यंतच. तिथं तुम्हाला भरू देत्यात का? — न्हाई देत, ठाऊक हाय मला, म्हणून तर वस्तीची वेगळी खेप मंजूर झालती. तुम्हीच आलतात की दरखास्त घेऊन, नागपूरहून दसरा करून आल्यावर. मीच चढवली ती कॉम्प्युटरात.

बसा, सांगतो. हितं तहसिलीत खेपांचे तक्ते दोन — एक खरा, एक सरावाचा, तोंडावळा सारखाच. मला सरावाचा पुसायचा होता. पुसला गेला खरा. सगळ्या तालुक्याचे टँकर गेले एका बटणात. मग लातूरहून माणूस बोलावला. तो म्हणला, घाबरू नको, तक्त्याची नक्कल रोज दुसऱ्या मशीनवर उतरते, तिथून परत आणू. खरं बोलला तो. पण ते मशीनच बंद. का? — खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, तशी आम्ही मशिनं पुजली. बंद करून, हळद-कुंकू वाहून, झेंडूचा हार घालून. दसरा झाला, समोरची सगळी चालू केली, कोपऱ्यातलं तसंच राहिलं. हार वाळून कोळसा झाला, कुणी बघितलं न्हाई. मी बी न्हाई. म्हणजे खंडेनवमीपर्यंतचं होतं तेवढं सगळं परत आलं — गावं आली, खेपा आल्या. त्याच्यानंतर एकच नाव चढलं होतं. तुमचं.

आता टाक की परत, म्हणताव? टाकलं असतं, चहा पिऊस्तोवर होतंय. पण साहेबांनी वर कळवून टाकलंय — सगळं मिळालं, एक अक्षर गेलं न्हाई. मी विचारलं हो, न्हाई असं न्हाई, साहेब, ते भीमनगर? तर म्हणले, "वीरभद्र, काही गेलंच नाही म्हटल्यावर भीमनगर कधी नव्हतंच." मी हाव म्हणलो. वर पाठवलेल्या कागदाखाली सही बी केली — कंत्राटी माणूस मी, — जाऊ द्या, हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. वाईट वाटायला पाहिजे होतं. काहीच वाटून न्हाई राहिलं, मावशी. जेवतो, झोपतो, सकाळी कागद काढतो. तुमच्या लेकराबाळांचं पाणी तोडलं हे कळतंय मला, पण आत कुठं लागतच न्हाई.

एक करा. नव्यानं दरखास्त द्या. ग्रामपंचायतीचा ठराव लागंल — हाव, त्याच चौकातल्या लोकांचा, काय करता. पाहणीला माणूस येईल, मग बघू. अन् दरखास्तीत लिहा, वस्ती नवीन हाय. ह्याच्या आधी आम्ही कधी पाणी मागितलं न्हाई, असं लिहा.

असं बघू नका माझ्याकडं. उठा आता, साहेबांची गाडी आली.