शनिवारचा जिना

लिहा. एकोणीसशे छप्पन, जानेवारीतला रविवार, सकाळी दहा, आमच्या घाटकोपरच्या चाळीत दुसऱ्या मजल्याची सभा. हजर: सेक्रेटरी कारखानीस, मजल्यावरची सहा बिऱ्हाडं, आणि सातवी मी, रिबका, खोली सहा, प्रसूतिगृहात नर्स.

आधी मूळ सांगते, म्हणजे घोळ नको. आम्ही बेने इस्राएल, यहुदी, पण अलिबागकडचे. आजे-पणजे घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा, चिडवायला नाही हो, ओळखायला. घाणा चालवा नाहीतर गाव सोडा, असं कुणी म्हटलं नाही. घरात मराठी, अंगावर नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, फक्त शनिवार तेवढा आमचा.

मजल्यावर सात खोल्या, सात वार, ज्याने त्याने आपल्या वारी जिना धुवायचा. यादी माझी, बारा वर्षं मीच चालवते. सोमवारपासून मोजलं तर सहाव्या खोलीला शनिवार आला, तो चार नंबरच्या सुलू सावंतने घेतला आणि तिचा गुरुवार मी, कारण तिला दत्ताचा कडक उपास. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, तर माझ्या चहाचं आधणही तीच ठेवायची, म्हणायची, तुझो देव बरो गो, तुका बसवता आणि माका राबवता. हसायचो दोघी.

तर त्या सभेत कारखानीस म्हणाले, आजपासून अदलाबदल बंद, स्वतंत्र देश आहे, सगळ्यांना एकच नियम. मी म्हटलं, जिना रोज धुतला जातोय, मग तुमचं बिघडतं काय? म्हणाले, रिबकाबाई, तुम्हाला आम्ही आमच्यातलंच समजतो, मग एवढं एक वेगळं कशाला, सोडा ना, पूर्ण मिसळून जा, आणि कामावर जाता ना शनिवारी? काय सांगू तुम्हाला, अशी तिडीक गेली डोक्यात! म्हटलं, जीव वाचवायला आमच्या धर्मात मोकळीक आहे, तिथे बाई अडलेली असते, तुमचा जिना अडलेला नसतो. तर म्हणतात, मग इस्राएलला जाणार कधी तुम्ही? एका दमात आमच्यातले, दुसऱ्या दमात जाणार कधी! यांच्या सुनेची दोन बाळंतपणं माझ्या हातून झाली, तेव्हा नाही विचारलं.

अदलाबदल बंद हवी त्यांनी हात वर करा म्हणाले. सुलूने नवऱ्याकडे पाहिलं आणि केला वर. मग नळावर म्हणते, रागावू नको गो. म्हटलं, रागावलेय, आणि राहणार.

दोन शनिवार झाले, जिना तसाच. मी दारात बसते, सगळ्यांच्या देखत, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. जिना न धुणारी म्हणून फळ्यावर माझं नाव लिहिलंय, लिहू दे. मिसळा म्हणे! बारा वर्षं काय करत होते मी?

आणि काल धाकट्या भावाचं, मोशेचं, पत्र आलं. तो गेलाय इस्राएलला. तिथे त्याला हिंदुस्थानी म्हणतात, तुमच्या चालीरीती सोडा, आमच्यासारखे व्हा म्हणतात. लिहितो, ताई, मी परत येतो, आपली चाळ बरी, माझ्यासाठी खोली बघ.

तळमजल्यावर एक रिकामी आहे. मालक खोली देतो ती कारखानीसांच्या शब्दावर. त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेले. अजून विचारलेलं नाही.