सुधाकरची बियर

आता घरी बियर काऊन बनवत नाई, म्हणता? मंग आइका.

माह्या मोठ्या भावाले, सुधाकरले, एक बेल्जियमची बियर लय आवडे. कडक, अन् हॉप्सच्या फुलाईनं चांगली कडू झालेली. "आपण तशीच घरी बनवू," म्हणे. बनवाच्या आधीच तो गेला. वर्षाच्या कार्यक्रमाले त्याच्या फोटोसमोर ठेवाले म्हणून मी एकट्यानंच नागभीडच्या घरी बनवाले घेतली. माल्ट, हॉप्स, यीस्ट, सारं पार्सलनं मागवलं. तीन हप्ते ड्रममंधी आंबत ठेवली.

बाटल्या भराले गेलो, तर ड्रम रिकामा! अन् बाबा अंगणात चुलीपाशी बसून.

"बाबा, हे काय केलं?"

"तू आंबवलेला सडवा अर्ध्यावरच सोडून देला होता," बाबा म्हणाले. जन्मभर मोहाची दारू गाळलेला माणूस. "मंग मीच चुलीवर चढवून, गाळून पुरी केली."

मी वरडणारच होतो. तेवढ्यात त्याईनं पहिल्या धारेचे चार थेंब सुधाकरच्या नावानं जमिनीवर सांडले अन् मले पुसलं, "तो माह्यासमोर कधी प्याला नाई. त्याले कशी आवडे रे?"

मी म्हटलं, "अशीच, बाबा."