फणीतलं रिकामं घर

नाई भाऊ, ही धुई दहा वाजेपर्यंत काई उठत नाई, तुम्ही बसा निवांत. पाहा न, समोरचा रूपरावचा कोठा दिसून नाई राह्यला – तीस पावलं नसन, पन बैलाच्या गळ्यातली घंटा वाजते म्हनून समजायचं की कोठा जागेवर हाय. अशा धुईत कोनी कापूस वेचाले नाई जात, बोंड ओलं असते, पिळलं तर पानी निघन. बाया चुलीपाशीच बसतात ऊन पडेपर्यंत. तुम्हीबी बसा. चहा नाई देत, दूध नाई घरात. गोधडी खाली नका ठेवू, ओट्याले ओल हाय – आना इकडं, माह्या मांडीवर.

किंमत विचारता? काई नाई हिची किंमत. खरं सांगतो, फालतू माल हाय. ठेवून जा माह्यापाशी, थंडीचे दिवस हायेत, म्हातारा पांघरीन, आशीर्वाद देईन. नाई? तुमची मर्जी. नागपूरच्या दुकानात अशा जुन्या गोधड्या मोठ्या लोकाइच्या दिवानखान्यात जातात म्हनता, भिंतीवर टांगतात. टांगतात? बाप्पा. पांघरत नाई तर टांगता काऊन? बरं, पाहू द्या हात लावून. मले शाळा नाई, अंगठा हाय माहा, पन कपडा मले वाचता येते. बाप माहा विनकर, आजा विनकर, घरात जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, समोर माग – चाळीस वर्सं मी त्या खड्ड्यात बसलो. गिरनीचं लुगडं सस्तं झालं, मग माग मोडला, खड्डा बुजवला, आन् गोधड्या शिवू लागलो. त्या खड्ड्याच्या जागीच बसलो हाय आत्ता.

हे वरचं पाहा. लुगडं गिरनीचं हाय – कसं समजलं? नख फिरवा आडवं. सरसर गेलं न? गिरनीचं सूत एकसारखं, त्याले ना राग ना लोभ. आन् चरख्याचं सूत कुठं जाड, कुठं बारीक, बाई दमली तिथं दमलेलं. रंग उडला पन उन्हानं नाई, धुन्यानं उडला – उन्हानं उडते तर एका बाजूनं उडते. खालून धोतर हाय, मानसाचं, दोन पिढ्या धुतलेलं, वास घ्या, घाम नाई उरला, नुसती धुन्याची राख उरली. हा इकडचा तुकडा? टेरिकॉट. नंतरचं ठिगळ हाय, शिवतानी नव्हतं, बाजारात विकनाऱ्यानं लावलं असन. काडी लावून पाह्यली असती तर मोती झाला असता वितळून, सुती असन तर भुरभुर राख होते. ते ब्लेड ठेवा खिशात, भाऊ. काऊन काढलं? गोधडी उसवून नाई पाहात. वरचा कपडा लोकाइले दाखवाले असते, खालचा अंगाले लागाले असते, आन् पोटातला – पोटातला कोनाले दाखवाचा नसते. बाईचं फाटकं, मेल्याचं उरलेलं, पोराचं दुपटं, सारं पोटात जाते. ज्यानं शिवली त्यालेच मालूम.

कोनं शिवली? मीच. नाई कसं म्हनू? तुम्ही काल यष्टी थांब्यावर उलगडून विचारत होते, आन् चार जनांनी सांगितलं की हा हात गुलाबबुवाचा. कोपरा पाहा – तीन टाके उलटे. बापानं शिकवलं, कोपऱ्यात तीन टाके मागं फिरव, मंग मरेपर्यंत उसवत नाई. पुऱ्या तालुक्यात दुसरं कोनी टाकत नाई. तुम्ही विचारलं ते गावाले समजलं, रूपरावलेबी समजलं. आज सकाळी आलता तो. धुईतून सीधा माह्या ओट्यावर. अकरा वर्सांत पहिल्यांदा चढला ओटा. समोरासमोर राहतो आमी, त्याचा कोठा, माहं घर, मधात गल्ली, पन तो गल्लीतूनच बोलते. काय म्हनला? सांगतो, सांगतो. काई खास नाई म्हनला.

गोधडी त्याच्याच घरची न. त्याची नवी सून आष्टीची हाय, पोर चांगली, हसरी, तिले काय मालूम – भांडेवाली आली, दोन गोधड्या देल्या आन् इस्टीलचा गंज घेतला, भात रांधाचं पातेलं. मंग हिंगनघाटच्या बाजारात तुमच्या हाती लागली. सासरा शेतात होता. संध्याकाळी रूपराव पेटी उघडून पाह्यते तर पेटी रिकामी. त्या दिवशी त्या घरात चूल नाई पेटली. मी इथूनच पाहत होतो, धूर नाई निघाला.

पन अकरा वर्सं पेटीत काऊन ठेवली, कोनी पांघरली काऊन नाई, असं तुम्हाले नाई वाटलं? वाटलं. तुम्ही हुशार मानूस. घडी पाहा न, घडीच्या रेघेवर कपडा पिवळा पडला, बाकी जसाच्या तसा. रूपराव मले म्हनलता, पोरीचं बाळंतपन हाय, दोन दिवसांत शिवून दे. पोरीचं बाळंतपन उन्हाळ्यात झालं. मले शिवाले सांगितली तवा तर कापूस वेचनी चालू होती, असेच दिवस, आनीबानीचं साल. गाठोडं आनून टाकलं, वरून हे लुगडं, खालून हे धोतर, आन् एक लुगडं वेगळं गुंडाळलेलं. म्हनला, हे मधात घाल. वर नको येऊ देऊ.

इथं बोट घाला. हा कोपरा पेटीले घासून झिजला हाय, इथून पोटातलं लागते हाताले. हळू. जाड लागते न? चरख्याचं सूत हाय, हातमागाचं. आता नखानं उभी रेघ शोधा – काठापासून चार बोटं आत. लागली? बारीक खाच, धाग्या-धाग्यात जागा सुटल्यासारखी, वरपासून खालपर्यंत. ती माही चूक हाय. फनी असते मागाले, कंगव्यासारखी, तिच्या एकेका घरातून एकेक धागा ओवाचा. माहे डोळे तवाच जाऊन राह्यले होते, एक घर रिकामं राह्यलं. पुरं लुगडं विनून झाल्यावर दिसलं. माह्या हातचं शेवटचं लुगडं ते, त्याच्या मांगून माग मोडला. म्हनजे या खाचेचं लुगडं पुऱ्या दुनियेत एकच हाय, भाऊ. धुरपताबाईनं सांगितलं होतं विनाले, आमच्या वस्तीतली, पोरीच्या लग्नासाठी. खाच दाखवली तर हसली. म्हने, असू दे गुलाबभाऊ, तुही चूक माही पोर अंगावर मिरवन.

पंचफुला. पोरीचं नाव. नवरा दोन वर्सांत गेला, मायजवळ परत आली, आन् लग्नाचं लुगडं वावरात नेसू लागली, दुसरं एकच होतं. रूपरावच्या वावरात कापूस वेचाले जाय. एका संध्याकाळी साऱ्या बाया परतल्या, पंचफुला नाई परतली. लोक म्हनले, पळून गेली. कोनासंग? ते कोनाले नाई मालूम, पन पळून गेली हे साऱ्याइले मालूम. ठाण्यावरून जमादार आला, दोन दिवस राह्यला, रूपरावकडं जेवला, पळून गेली असं लिहून गेला. धुरपता आजबी म्हनते म्हने, की येईन पोर, कुठं तरी संसार करत असन, रुसली हाय मायवर. जेवाच्या वेळी एक भाकर जास्त टाकते. अकरा वर्सं. लोकाइच्या तोंडापायी गाव सोडलं तिनं, समुद्रपूरले भावाकडं राहते.

आन् माह्या हाती ते लुगडं तिसऱ्या दिवशी आलतं. तिसऱ्या दिवशी, भाऊ. काठाले पऱ्हाटीचा पाचोळा चिकटला होता, ओच्यात बोंडाची टरफलं अडकली होती – वेचतानी नेसलेलंच होतं ते. पुरं लुगडं मळकं, धुळीचं, फक्त पदर छातीपाशी धुतलेला. एवढा घासलेला की तिथं सूत पातळ झालं होतं, जाळीसारखं. कपडा मले वाचता येते म्हनलं न मी. दुसरं लुगडं तिच्या मायच्या दोरीवर वाळत होतं, मी रोज जाता-येता पाहत होतो. मंग बाई काय नेसून पळाली? बाई लुगडं सोडून पळते का?

नाई, तसं नाई, मी त्या दिवशी असा विचारच नाई केला. मी म्हनलं, विकलं असन तिनं. मी म्हनलं, रूपरावच्या घरी देलं असन बदलून. मी म्हनलं – काय काय म्हनलं मी, सुई चालत होती आन् मी म्हनत होतो. दोन दिवस लागतात गोधडीले, मी एकाच दिवसात शिवली. टाके पाहा, दाट हायेत, एवढे दाट मी कधी टाकले नाई, जसं काई कोनी आतून निघून येईन. जमादारानं वस्तीत साऱ्याइले विचारलं, पोरीचा कपडा कोनी पाह्यला का. माह्याजवळबी आला. इथंच उभा होता. मी सुई ओवत होतो. म्हनलं, नाई साहेब. तेवढंच. मले मारलं नाई कोनी, धमकावलं नाई. नुसतं त्या सालापासून दर दिवाळीले कोठ्यातून जवारी येते, न मागता, आन् मी दळून खातो.

तोंड कडू नका करू, भाऊ, मी तुम्हाले सांगनारच नव्हतो. मी तुम्हाले म्हननार होतो की फालतू माल हाय, आन् ठेवून घेनार होतो. तसंच ठरलं होतं सकाळी, रूपरावसंग. तुम्ही ठेवून गेले असते, तर दुपारी तो आला असता न्यायले, आन् चुलीत गेली असती. सुती कपडा, भुरभुर राख. पन माहं बोट त्या खाचेले लागलं. आता काय करता त्याले.

घ्या. घडी अशीच राहू द्या. नागपूरले नका नेऊ. हिंगनघाटले गाडी बदला, समुद्रपूरले उतरा, धुरपताबाई विचारा, बौद्धवस्तीत, भावाचं नाव प्रेमदास. तिचे डोळे गेलेत म्हनतात. काई सांगू नका तिले, एक शब्द नाई. नुसता हा घासलेला कोपरा तिच्या हातात द्या, आन् बोट आत घालू द्या. चार बोटं काठापासून. तिले लागन. तिच्या हातानं उसवू द्या, तिचा हक्क हाय. मले काय मालूम होतं ते कोनी विचारलं, तर अंगठा देतो मी, कुठंबी.

आन् उठा आता. नाई, ऊन पडू देऊ नका, धुई हाय तोवरच निघा. कोठ्याच्या अंगानं नका जाऊ, मागून शेनखताच्या ढिगाकडून, नाल्यानं. थांबा – ऐका. घंटा ऐकू येऊन राह्यली का? बैल तर हालत असते. घंटा बंद झाली, भाऊ. कोनी तरी बैलाच्या गळ्याले हात लावून उभं हाय.

सकाळचं विचारता? रूपराव काय म्हनला ते? जा न, उशीर करता काऊन. ओट्यावर चढला, माह्यापाशी टेकला. मले आता सुई ओवता नाई येत, तर माह्या हातातली सुई घेतली, दोरा ओला केला, ओवून देली, अगदी पोरासारखी. आन् हळूच म्हनला, "गुलाब, लुगडं कोनाचंबी असो, टाके तुहे हायेत."