रुचीचं वय अडतीस

अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर गोंदियाची बस अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"एवढी मोठी बॅग काऊन वो, रुचीची माय?"

"रुचीची हाये. कुंदाबाई, फोनमंधी बोलते त्या एआयवर कायदा येऊन राहिला म्हनते ना? लहान पोरायले बंद?"

"यीन तवा यीन. तुमाले कायची घाई?"

"आमच्या पोरीले तो लागनच नाही. त्या एआयनं वय विचारलं तवा मीच माही जन्मतारीख टाकली. फोन माह्या नावावर हाये ना."

"मंग?"

"मंग ते तिले अडतीस वर्साची बाई समजते. तिनं घरातल्या मारपिटीचं सांगतलं, तर म्हने, हे घर सोडा. आज सकाळी पोरीनं बॅग भरली."

"तेरा वर्साच्या पोरीनं? मंग तुमी?"

"म्या फोन हिसकावला. त्याले लिवलं, माही पोरगी तेरा वर्साची हाये, असं कायले सांगून राहिला?"

"काय म्हने?"

"म्हने, तिलाही सोबत घेऊन जा."

"मशीनच ते. त्याले काय समजते?"

"बस लागली. चाल रुची, माह्या साड्याबी तुह्याच बॅगमंधी हायेत, सांभाळून उचल."