हिरोच्या बापाचं मरण अन् माहा सूर

सिंथेसायझर वाजवणं तुमाले सोपं वाटते काय? कापसाचे वांधे होते ना, तवा टीव्हीवाल्यायले आपल्या इकडच्या दुःखाचा लय पुळका आलता. मुंबईच्या एका डायरेक्टरनं मले सिरियलच्या म्युझिकचं काम देल्लं. म्हणे, "हिरोचा बाप मरतो तिथे बासरी नको. छातीवर दगड ठेवल्यासारखा आवाज हवा."

म्या आठ दिवस बटणं पिळली अन् एक खोल, घरघरता सूर काढला.

एपिसोडच्या दिवशी आमच्या गावी, बोरी अरबले, आमच्या घरी सारा मोहल्ला टीव्हीसमोर बसला. हिरोच्या बापानं डोळे फिरवले, माहा सूर सुरू झाला. तसा आमचा पंपाच्या मोटरीचा मेकॅनिक सलीमभाई ताडकन उठला, "अबे, कोणाच्या तरी विहिरीचं पाणी संपलं! मोटर कोरडी चालून राह्यली, जळीन ना!"

ज्याले त्याले आपली विहीर आठवली. मिनिटात घर रिकामं. माहा बापही पळाला. टीव्हीसमोर उरलो मी अन् तो मेलेला.

सकाळी डायरेक्टरचा फोन, "गावात कसा वाटला सीन?"

म्या म्हटलं, "सर, एकही माणूस जाग्यावर बसू शकला नाही."

"वा! मग पुढच्या आठवड्यात आईलाही ह्याच सुरावर मारू."