पहिल्या पाळीची हजेरी

आम्रपाली : पप्पा, तुमच्या शर्टाच्या खिशावर एक चौकोन आहे. बाकीचा शर्ट धुऊन धुऊन राखाडी झालाय, तेवढा चौकोन अजून निळा आहे. कडा अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारख्या.

कचरू : असेल.

आम्रपाली : तिथे तुमचा कारखान्याचा बिल्ला असतो. आज नाहीये.

कचरू : खिशात आहे. पाणी दे आधी.

चंपा : पाणी नंतर. आधी बातमी ऐका. आम्ही दोघी दुपारपासून तोंड शिवून बसलोय.

कचरू : शिवून? गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरलो तेव्हापासून तुमचं हसणं ऐकतोय.

आम्रपाली : आई, तू सांग. नाही, थांब, मीच सांगते, तू भाजीपासून सुरू करशील. पप्पा, आज आईची ट्रायल होती, मीही रजा टाकून गेले होते. हिंजवडीला, आयटीतल्या पोरांच्या होस्टेलवर. एका मजल्याचं जेवण तिने एकटीने केलं. सॉलिड झालं, पप्पा. पोरं ताटं घेऊन परत परत येत होती.

चंपा : भाजीपासूनच सुरू करायचं असतं. भाजी संपली म्हणून तर बातमी झाली. मटकीची उसळ केली होती, आमटी, भात, पोळ्या. आणि ठेचा. आंध्रातला एक पोरगा ठेचा मागून मागून खात होता. डोळ्यांतून धारा, आणि हात पुढेच.

कचरू : धारा माझ्याही डोळ्यांतून येतात. त्याची कधी बातमी झाली नाही.

चंपा : तुम्ही घरचे. तो मेसचे पैसे भरतो.

आम्रपाली : आणि मालक तिथल्या तिथे म्हणाले, मेस तुमची. उद्यापासून, पप्पा. उद्या सकाळच्या नाश्त्यापासून. आधीचा मेसवाला गावाला गेला तो आलाच नाही. पोरं आठवडाभर वडापाव खाऊन ऑफिसला जातायत.

कचरू : उद्या? उद्या म्हणजे उद्याच?

चंपा : उद्याच. पोहे करणार आहे. विहारातलं मोठं पातेलं मागून आणलं, ते मोरीत ठेवलंय, पाय जपून टाका. पोळ्यांना मालनबाई येतेय. पहाटे टेम्पो येईल, तो आपल्याला सामानासकट तिथे सोडेल.

कचरू : एवढं सगळं ठरवून झालं. मालक कोण आहे?

चंपा : आम्रपाली, पाणी दे गं त्यांना.

कचरू : मगाशी मागत होतो तेव्हा नव्हतं. मालक कोण, चंपा?

चंपा : गेनबा.

कचरू : कोण गेनबा?

चंपा : बॉयलरवर तुमच्या शेजारी उभा राहायचा तो. हिंजवडीतले असे किती गेनबा तुमच्या ओळखीचे आहेत?

कचरू : गेट सोडून गेला तो गेनबा.

चंपा : तोच. रस्त्याकडेचं शेत विकलं, त्या पैशांत होस्टेल बांधलं. मला बघून उठून उभा राहिला. वैनी म्हणाला.

कचरू : म्हणू दे. मला त्याचं नाव ऐकवू नकोस.

आम्रपाली : पप्पा, कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मी आठवीत होते. आता माझाच पगार सुरू झाला. एका माणसाने गेट सोडलं म्हणून तुम्ही अजून...

कचरू : तुला माहीत नाही ते. टाळं लागलं त्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. रोज पहिल्या पाळीला गेटवर यायचं. गणवेश घालून, बिल्ला लावून. आपल्यातला मच्छिंद्र नावं पुकारणार, आपण हजर म्हणायचं. जो यायचा थांबेल त्याचा थकलेल्या पैशांचा हिशेब बुडाला. दुसरीकडे कामाला जाईल त्याचाही बुडाला. हे गेनबासमोर ठरलं. आणि दिवाळीच्या आत तो गेला.

चंपा : त्याने तुमची चौकशी केली.

कचरू : काय म्हणून?

चंपा : म्हणाला, "कचरू कुठं हाय? अजून गेटावच बसतोय का? त्याला म्हनावं एकदा यिऊन बघ, ही शेगडी काय नीट पेटंना."

कचरू : त्याच्या शेगडीशी मला काय करायचंय?

चंपा : काही नाही. मी आपलं सांगितलं.

आम्रपाली : आई, भात थोडा लागला ना आज?

चंपा : लागला. बुडाला धरला आणि वर कच्चा. पातेलीही काळीकुट्ट झाली सगळी. घासताना मालनबाईने शिव्या घातल्या.

कचरू : काळी? आच पिवळी होती का?

चंपा : पिवळी. लांब लांब जिभा निघत होत्या.

कचरू : मग हवा मिळत नाहीये तिला. गॅस येतोय, हवा येत नाहीये. नळीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलं असेल, नाहीतर पीठ बसलं असेल. नीट जळाली की निळी दिसते, आवाजसुद्धा बदलतो. तुम्ही तशीच चालवलीत? डोकं नाही दुखलं?

चंपा : दुखलं.

कचरू : दुखणारच. खिडकी तरी उघडी होती का?

आम्रपाली : खिडकीसमोर फ्रीज ठेवलाय.

कचरू : फ्रीज? कोणी ठेवला तिथे? गेनबाला बॉयलरवर एवढी वर्षं काय शिकवलं मी? आधी फ्रीज हलवा. शेगडी खिडकीखाली घ्या. सिलिंडर बाहेर ठेवायचे, पाईप भिंतीतून आत आणायचा.

आम्रपाली : पप्पा.

कचरू : काय?

आम्रपाली : काही नाही. तुमचा आवाज बदलला.

कचरू : माझा आवाज आहे तसाच आहे. पाणी देतेस का आता?

आम्रपाली : घ्या. हातातच धरून उभी आहे.

चंपा : अहो, आता नीट ऐका. सिलिंडर मला हलत नाही. पातेलं उतरवायला माणूस लागतो. मालनबाईचा खांदा दुखतो, तिला सांगता येत नाही. पगारी माणूस ठेवावा एवढं अजून त्यात सुटणार नाही. आणि परका माणूस मला शेगडीपाशी नकोय. कंपनीच्या बसगाड्या सात वाजता येतात, त्याआधी नाश्ता झाला पाहिजे. तुम्ही याल का?

कचरू : सातला हजेरी असते.

चंपा : माहीत आहे. म्हणून तर विचारतेय.

कचरू : आणि भत्ता? कारखाना बंद पडला त्यांना सरकार भत्ता देतं, त्यासाठी किती हेलपाटे घातले मी. काम धरलं की तो गेला.

चंपा : मिळाला का?

कचरू : नाही.

चंपा : मग जाणार काय? आज भत्त्याच्या ऑफिसात झालं काय, ते तरी सांगा. सकाळी बिल्ला लावून गेलात, संध्याकाळी खिशात घालून आलात.

कचरू : आज एक मॅडम होत्या. वाईट नव्हत्या. बसायला खुर्ची दिली. म्हणाल्या, तुम्ही नियमात बसता, पण कारखाना बंद झाल्याचा मालकाचा दाखला लागतो.

चंपा : ते मागच्या वेळीही म्हणाले. मालक कुठे भेटतो?

कचरू : हेच सांगितलं. तर त्या म्हणाल्या, मालकाने आम्हाला लेखी कळवलंय, कारखाना बंद नाही. काम तात्पुरतं थांबलंय.

चंपा : तात्पुरतं. पोरगी आठवीतली कमावती झाली, एवढंसं तात्पुरतं.

कचरू : मग त्यांनी विचारलं, तुम्ही सध्या करता काय? मला वाटलं, हीच वेळ आहे, आपली बाजू भक्कम करावी. बिल्ला पुढे केला आणि म्हणालो, मॅडम, एक दिवस चुकलेलो नाही. रोज पहिल्या पाळीला गणवेशात गेटवर हजर असतो.

आम्रपाली : ओ नो. पप्पा.

कचरू : तुला लगेच कळलं. मला त्यांचा चेहरा बघून कळलं. म्हणाल्या, अहो काका, तुमचा मालकही हेच सांगतोय. कामगार रोज येतात, हजेरी होते, म्हणजे कारखाना बंद कसा? तुम्ही कामावर हजर आहात, मग मी तुम्हाला बेरोजगार कसं धरू?

आम्रपाली : म्हणजे इतकी वर्षं तुम्ही रोज सकाळी जाऊन प्रूव्ह करत होता, की तुमची नोकरी चालू आहे.

कचरू : रोज.

चंपा : आंघोळ करून. आणि मी त्या शर्टाला इस्त्री करत होते.

कचरू : हसतेस तू.

चंपा : नाही हसत. बरं, हसतेय. तुम्हीही हसताय.

कचरू : आधी राग आला. बिल्ला तिथेच काढला, काढताना पिनेने बोट फोडून घेतलं. कासारवाडीपर्यंत रागच होता. मग पुलावर हसू आलं. इतकं आलं की सायकलवरून उतरावं लागलं. एका रिक्षावाल्याने विचारलं, काका, बरं नाही का?

आम्रपाली : पप्पा, आता तरी ऐका. माझ्या ऑफिसातली शेफाली, तिचे वडील कामगार कोर्टात वकील आहेत. त्यांना मी विचारलं होतं. हिशेब असतो तो काम केलेल्या वर्षांचा. गेटवर बसलेल्या वर्षांचा नाही. तुमचा दावा कोर्टात लागलेला आहे, तुम्ही गेटवर गेलात नाही गेलात, त्याला काही होत नाही.

कचरू : हे कधी विचारलंस?

आम्रपाली : गणपतीत.

कचरू : मग मला सांगितलं का नाहीस?

आम्रपाली : सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वकिलांना गेट काय कळतंय.

कचरू : म्हणालो असेन.

चंपा : मग आता अडलंय कुठे?

कचरू : अडलंय असं नाही. मच्छिंद्र अजून सगळी नावं पुकारतो. एकही गाळत नाही. जो आलेला नसतो त्याच्या नावाला आम्ही "गेला" म्हणतो. मेला त्यालाही गेला, सोडून गेला त्यालाही गेला. गेनबाच्या नावाला मी सगळ्यांत मोठ्याने म्हणतो. आता नावं पुष्कळ आणि माणसं एका झाडाच्या सावलीत मावतात एवढी.

चंपा : मग त्यांच्यासाठी थांबायचं?

कचरू : त्यांच्यासाठी म्हटलं तर मोठेपणा होईल. चंपा, दिवसातून एकदा कोणीतरी माझं नाव मोठ्याने घेतं. दुसरं कोण घेतं? ही पप्पा म्हणते. गल्लीतले आम्रपालीचे बाबा म्हणतात. आज त्या मॅडम काका म्हणाल्या.

चंपा : आणि मी अहो म्हणते.

कचरू : तू म्हणायचंस तेच म्हणतेस. नवऱ्याचं नाव बायको कशी घेईल?

चंपा : कचरू.

आम्रपाली : आई.

चंपा : काय झालं? कचरू, पातेलं उतरवा. कचरू, सिलिंडर बदला. उद्यापासून मेसमध्ये अशीच हाक मारणार. तिथे पोरांचा गोंगाट असतो, अहो म्हटलं तर कोणीही वळून बघेल.

कचरू : परत म्हण.

चंपा : आता नाही. पुढचं उद्या पहाटे, पातेल्यापाशी.

कचरू : गेनबाला काय तोंड दाखवू पण?

चंपा : तोंड कशाला दाखवता? शेगडीखाली वाकून बसायचंय तुम्हाला. पाठच दिसेल त्याला.

कचरू : हसू नकोस गं, आम्रपाली. माझा पाना कुठे आहे? आणि बारीक तार हवी, नळी साफ करायला. स्टोव्हच्या पिना असतील तर त्याही घे. टेम्पो किती वाजता म्हणालात?

आम्रपाली : चारला. तार मी शोधते. पप्पा, मच्छिंद्रकाकांना फोन लावू? त्यांच्या शेजारच्यांचा नंबर आहे माझ्याकडे.

कचरू : आत्ता?

चंपा : आत्ता. सकाळी टेम्पो एकीकडे आणि तुमची सायकल दुसरीकडे, असं मला नकोय.

कचरू : लाव.

(आम्रपाली नंबर लावते, मच्छिंद्रला बोलवायला सांगते, आणि थोड्या वेळाने मोबाइल कचरूच्या हातात देते.)

कचरू : जय भीम, मच्छिंद्र. मी कचरू. तब्येत ठीक आहे, तसं काही नाही. ऑफिसात गेलो होतो, ते सविस्तर सांगायचंय, उद्या संध्याकाळी तुझ्या घरी येतो. सगळ्यांनीच ऐकण्यासारखं आहे. आत्ता एवढंच ऐक. उद्या नावं पुकारशील तेव्हा माझं गाळू नकोस. नेहमीसारखं मोठ्याने घे. गेनबाचंही घे. फक्त गेटवरच्या सगळ्यांना सांग, आमच्या दोघांच्या नावाला नुसतं गेला म्हणू नका. कामावर गेला, म्हणा.