त्या दिवशी काही झालं नाही

आदरणीय अध्यक्षा लिंडक्विस्टबाई, व्यासपीठावरील मान्यवर, बंदर कार्यालयातले सहकारी, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले बंदरप्रमुख आर्ने हाल्वोर्सनसाहेब,

बोलणं हे माझं काम नाही. आमच्या जॉर्जियात, कॉकेशसच्या डोंगरांत, पेला हातात आला की माणूस अर्धा तास सहज बोलतो. मी त्यातला बिघडलेला नमुना, असं नातेला, माझी पत्नी, म्हणायची. तिला जाऊन येत्या मार्चमध्ये वर्ष होईल. खरं तर आज इथे तिनेच उभं राहायला हवं होतं.

सहा वर्षांपूर्वी मी इथे, ड्युलुथच्या विद्यापीठात, सरोवराच्या बर्फावर संशोधन करत होतो. प्रकल्प संपत आला होता. माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की देश सोडायचा. आणि नातेलाचे उपचार तर नुकतेच सुरू झालेले. एकच वाट उरली होती. कुणा मालकाच्या आधाराशिवाय, स्वतःच अर्ज करून ग्रीन कार्ड मागायचं. पण त्यासाठी आपलं काम या देशाच्या किती उपयोगाचं आहे, हे आपणच पटवून द्यावं लागतं. माझ्यासारख्याने स्वतःची स्तुती लिहायची कशी, सांगा बरं?

शिवाय मला प्रत्यक्ष न ओळखणाऱ्या जाणकाराचं पत्रही हवं होतं. हाल्वोर्सनसाहेब दोन हिवाळे माझी बर्फ मोजायची पद्धत वापरत आहेत, असं कळलं. मी विनंती केली, त्यांनी लगेच पत्र पाठवलं. तीन ओळींचं. शेवटची ओळ होती, "यांची पद्धत वाईट नाही."

नातेलाने कपाळाला हात लावला. "घरात एक दगड कमी होता म्हणून दुसरा शोधून आणलास! तुम्ही दोघं मिळून मला विमानात बसवणार." आणि तिने सरळ साहेबांना फोन लावला.

"साहेब, या पद्धतीने नक्की झालं काय?"

"एका फेब्रुवारीत मोजणी पाहून मी बर्फावर जाणं बंद केलं, बाई. मासे धरायला गेलेल्यांना परत बोलावलं."

"किती जण होते?"

"अकरा."

"मग?"

"दुपारी बर्फ फुटला. पण त्या दिवशी काही झालं नाही."

"अहो, अकरा माणसं जिवंत घरी गेली, आणि म्हणे काही झालं नाही! लिहा की हे!"

"नोंदवहीत आहे ना."

"मग नोंदवहीचं पान पाठवा. नाहीतर मी येते न्यायला!"

पान आलं. सोबत नवं पत्रही आलं, चांगलं दोन पानांचं. अर्ज मंजूर झाला. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी अर्धवेळ नोकरी धरली आणि उरलेला वेळ तिच्यापाशी बसलो. आम्हाला चार हिवाळे मिळाले. चांगले गेले. दर शुक्रवारी ती साहेबांकडे चीज भरलेली गरम खाचापुरी पाठवायची. निरोप यायचा, "वाईट नाही." ती चिडायची, आणि पुढच्या शुक्रवारी चीज वाढवायची.

तिच्या अंत्यविधीला साहेब आले. टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "बाई वाईट नव्हत्या."

या शब्दांचं वजन ड्युलुथकरांना मी काय सांगणार?

साहेब, छत्तीस हिवाळे तुम्ही हे बंदर सांभाळलंत. परवा मी तुमच्या नोंदवह्या चाळल्या. पानोपानी शेवटची ओळ एकच: आज काही झालं नाही.

वाईट नाही, साहेब.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बरंच सांगायचं राहून गेलं असेल, ते पोटात घाला. माझ्याकडून ते वदवून घेणारी आता घरी नाही.